आयर्न मेडनची पन्नाशी आणि त्यांच्या पोरांचे बँड: वशिला की आणखी काही?

नाशिकची नलू

नमस्कार मंडळी. या विभागात बहुतेक धागे नाट्यगीतांचे आणि जुन्या हिंदी गाण्यांचे असतात, त्यात हा आगंतुक धागा खपवून घ्या.

विषय आयर्न मेडन, इंग्लंडचा हेवी मेटल बँड. मी काही कट्टर भक्त नव्हे. दादामुळे ऐकायला लागले. तो पुण्याला इंजिनिअरिंगला होता, सुट्टीत यायचा तो कॅसेटींची पिशवी घेऊनच. कव्हरवरचा तो हाडका एडी (मेडनचं ते भुतासारखं बोधचिन्ह) बघून आमच्या आजीने ‘हे देवघराच्या भिंतीला लागून ठेवायचं नाही’ असा हुकूम काढला होता. दादा आता परदेशात, कॅसेटी माळ्यावर, आणि माझी लेक दहावीची परीक्षा संपल्यापासून बास गिटार शिकतेय. तिच्या सरांनी तिला स्टीव्ह हॅरिस ऐकायला सांगितला. घरी येऊन मलाच विचारते, ‘आई, तू हे नाव ऐकलंयस का?’ म्हटलं, बाई गं, तुझ्या जन्माच्या कितीतरी आधी.

तर तिच्या निमित्ताने पुन्हा ऐकायला आणि वाचायला घेतलं. स्टीव्हने पूर्व लंडनमध्ये बँड काढला तो २५ डिसेंबर १९७५ ला. म्हणजे पन्नास वर्षं झाली आणि माणूस अजून मालक, बासवादक, मुख्य गीतकार, सगळं आहे. ड्रमवाले निको मॅकब्रेन मात्र थांबले. ७ डिसेंबर २०२४ ला साओ पावलोला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा वय ७२. आणि वाचता वाचता लक्षात आलं की या लोकांची पोरंही याच धंद्यात आहेत. स्टीव्हची मुलगी लॉरेन गायची. मुलगा जॉर्ज ‘द रेव्हन एज’ नावाच्या बँडमध्ये आहे. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन, त्याचे ऑस्टिन आणि ग्रिफिन, दोघेही गायक. आणि या सगळ्यांचे बँड कधी ना कधी मेडनच्या आधी वाजवून गेलेले!

इथे आमच्या घरात ठिणगी पडली. नवरा म्हणतो, हा शुद्ध वशिला. ‘आपल्याकडे नटाचा पोरगा नट झाला की तू नाक मुरडतेस, गोऱ्यांनी केलं की ती परंपरा होय?’ लेक म्हणते, बाबा, तिथे वाजवून दाखवावं लागतं. मी आपली आमटी वाढत होते.

पण नंतर मलाही प्रश्न पडला. घरात वाजवणारा मुलगा असताना स्टीव्हने त्याला आपल्या बँडमध्ये कधी घेतलं कसं नाही? निकोच्या जागीसुद्धा कोणी विशीतला पोरगा आणला नाही, सायमन डॉसन नावाचे चांगले पिकलेले गृहस्थ आणले, ते का? बाकीचे सगळे सत्तरीच्या उंबरठ्यावर आहेत, मग यांच्यामागे राहणार काय? आणि या पोरांपैकी खरंच ऐकण्यासारखं कोण आहे?

कोणी बंगळूरचा किंवा मुंबईचा कार्यक्रम पाहिला असेल तर जरूर लिहा. आणि कृपया ‘हे कसलं संगीत, नुसता गोंगाट’ असे प्रतिसाद नकोत, ते घरी सासूबाई पुरवतात. (हलके घ्या.)

चिकित्सक चिंतू

तुमच्या यजमानांशी शंभर टक्के सहमत. हजारो पोरं गॅरेजमध्ये वाजवत बसलेली असतात. त्यातल्या कुणाला मेडनच्या आधी अर्धा तास मिळतो? ज्याचा बाप मेडनमध्ये आहे त्याला. यात चर्चा करण्यासारखं काय आहे? बाकी धागा छान.

कन्सोलवाला

नलूताई, तुमच्या यजमानांना आणि चिंतूला एकदमच उत्तर देतो, कारण हा विषय माझ्या पोटापाण्याचा आहे. मी लाइव्ह साउंडवाला, कन्सोलवर बसून कार्यक्रमाचा आवाज सांभाळणारा. गणपती, लग्नातली संगीत, कॉलेजचे फेस्ट, कंपन्यांचे वार्षिक सोहळे, जे येईल ते. सुरुवात धोबी तलावच्या रंगभवनात केबला गुंडाळण्यापासून झाली. तिथल्या रॉकच्या रात्री ज्यांनी पाहिल्या त्यांना वेगळं सांगायला नको. शांतता क्षेत्राच्या नियमात ते सगळं बंद पडलं, तो राग माझा अजून गेलेला नाही, पण ते असो.

वशिला आहे का? आहे. नाही कोण म्हणतो? पण वशिल्याने मिळतं काय ते जरा जवळून बघा.

मिळतं ते ओपनिंग, म्हणजे मोठ्या बँडच्या आधी वाजवायची संधी. मोठ्या बँडचा ड्रमसेट आधीच रायझरवर (उंच चौथऱ्यावर) लागलेला असतो, त्यावर काळं कापड. त्याला कोणी हात लावायचा नाही. त्यांचे अँप, त्यांचे पडदे, सगळं जागच्या जागी. तुमच्या वाट्याला येतो त्याच्यापुढचा पट्टा. तुमचा ड्रमर जवळजवळ कडेवर बसतो, गायकाला दोन पावलं मागे सरकलं तर झांज पाठीला लागते. साउंड चेकला वेळ मिळाला तर नशीब, नाहीतर लाइन चेक: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) वाजव, स्नेअर वाजव, बास, गिटार, माइकवर ‘हॅलो हॅलो’, चला सुरू करा. मॉनिटरमधून स्वतःचा आवाज नीट ऐकू येतोय की नाही हे पहिल्या गाण्यात कळतं आणि सुधारेपर्यंत तिसरं गाणं संपतं. दिव्यांतले मोजके तुमच्यासाठी. आवाजाची पूर्ण ताकद मोठ्या बँडसाठी राखून ठेवलेली असते, ओपनिंगला फेडर (कन्सोलवरची आवाजाची सरकपट्टी) तिथपर्यंत जात नाही. उन्हाळ्यातला कार्यक्रम असेल तर डोक्यावर ऊन. आणि समोरची गर्दी तुमच्यासाठी आलेलीच नसते.

आमच्याकडचं एक सांगतो. एका कॉलेजच्या फेस्टला मुख्य प्रायोजकाच्या पुतण्याचा बँड आधी ठेवला होता. पोरं वाईट नव्हती. गिटार महागडी, शूज त्याहून महागडे. पहिलं गाणं लोकांनी ऐकून घेतलं. दुसऱ्याला मागून मुख्य बँडच्या नावाचा गजर सुरू झाला, तिसऱ्याला पुढच्या रांगेतल्या पोरांनी पाठ फिरवून गप्पा मारायला घेतल्या. पुतण्या कन्सोलकडे बघून हाताने खुणावतोय, आवाज वाढव, आवाज वाढव. मी वाढवला. त्याने काय होणार? काकांनी स्टेज दिलं होतं, कान कुठून देणार?

आता मेडन. मार्च २००७ ला बंगळूरला पॅलेस ग्राउंड्सवर मी होतो. कल्याणहून उद्यान एक्स्प्रेस, डब्यात निम्मे काळे टीशर्ट, गुंटकलला कोणीतरी गिटार काढली ती थेट बंगळूरपर्यंत ठेवलीच नाही. त्या दिवशी मेडनच्या आधी दिल्लीचा परिक्रमा होता आणि लॉरेन हॅरिस होती. परिक्रमाला घरच्यासारखं स्वागत मिळालं. लॉरेनच्या वेळी लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण स्टीव्हची लेक म्हणून. मधल्या शांततेत ‘मेडन, मेडन’ चालूच. तिचं गाणं म्हणजे जरा सुरेल, ऐंशीच्या दशकातल्यासारखं हार्ड रॉक. ठीक होतं. मला त्यात अडकून राहावं असं काही वाटलं नाही, खरं सांगतो.

पण पुढची गंमत ऐका. परिक्रमाचं वाजवणं मेडनच्या मंडळींना आवडलं, आणि त्याच वर्षी जूनमध्ये त्यांना इंग्लंडमध्ये डाउनलोड फेस्टिव्हलला वाजवायला मिळालं. दिल्लीची पोरं, व्हायोलिनवाला बँड, कोणी काका-मामा लंडनमध्ये नाही. आणि लॉरेनच्या बँडमध्ये गिटार वाजवत मेडनबरोबर जग फिरलेला एक पोरगा होता, रिची फॉल्कनर. २०११ ला ज्युडास प्रीस्ट या जुन्या मेटल बँडमधून गिटारवाला के. के. डाउनिंग बाहेर पडल्यावर त्या खुर्चीत कोण बसला? हाच. आजतागायत तिथेच आहे. म्हणजे वशिला पोरीचा आणि गाडी लागली गिटारवाल्याची! लॉरेनचा स्वतःचा अल्बम २००८ ला आला, त्यापुढे फार मोठं काही झालं नाही.

मुलांचं म्हणाल तर ऑस्टिन डिकिन्सनचा ‘राइज टू रिमेन’ मला त्या सगळ्यांत जास्त आवडायचा. २०११ चा अल्बम अंगावर येतो. २०१५ ला बँड मोडला, मग त्याने ‘अ‍ॅज लायन्स’ काढला, तोही फार टिकला नाही. धाकट्या ग्रिफिनचा बँड ‘शेप्स’. टिकला तो जॉर्जचा रेव्हन एज. २००९ ला काढला, पहिला पूर्ण अल्बम यायला २०१७ उजाडलं, नंतर २०१९ ला दुसरा, २०२३ ला आणखी एक. मध्ये गायक बदलला तरी मोडला नाही. बापाचं नाव असताना पहिल्या अल्बमला आठ वर्षं लागतात याचा तुमच्या यजमानांनी विचार करावा.

आता जॉर्ज बापाच्या बँडमध्ये का नाही? एक तर तो गिटार वाजवतो, बास नाही. आणि मेडनमध्ये गिटारच्या तीन खुर्च्या आहेत, तिन्ही भरलेल्या. १९९९ ला ब्रूस आणि जुना गिटारवाला एड्रियन स्मिथ परत आले तेव्हा कुठल्याही मालकाने स्मिथच्या जागी आलेल्या यानिक गेर्सला ‘बराय, निघा’ म्हटलं असतं. स्टीव्हने नाही म्हटलं. तिघंही ठेवले आणि त्याच ताफ्याने २००० चा अल्बम केला. ज्याने माणूस काढण्याऐवजी खुर्ची वाढवली तो पोरासाठी कोणाला उठवणार? दुसरं, जॉर्जला तसं वाजवायचंच नाहीये. रेव्हन एज लावून बघा. सूर खाली उतरवलेले, गिटार जाड, मेडनची ती घोड्याची टाप (घोडा दौडल्यासारखा बासचा ठेका) जवळपास कुठे नाही. ऑस्टिन तर मध्येच घसा फाडून ओरडतो, जे ब्रूस कधी करत नाही. बापाचीच चाल उचलली असती तर पहिल्या दिवसापासून तराजू समोर ठेवला असता लोकांनी.

आणि डॉसन. ताई, हा तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न. स्टीव्हचा दुसरा बँड आहे, ब्रिटिश लायन. मेडनबरोबर स्टेडियम भरवणारा हा माणूस त्या बँडबरोबर छोट्या क्लबांत जाऊन वाजवतो. डॉसन तिथला ड्रमर, कित्येक वर्षांचा. आमच्या कामात एक गोष्ट पहिल्या दिवशी शिकवतात: किक आणि बास एकमेकांत बसले की बाकीचं मिक्स आपोआप उभं राहतं, ते बसले नाहीत तर वर कितीही गिटारी चढवा, चिखल. स्टीव्ह ठोक्याच्या किंचित पुढे धावणारा वादक आहे. त्याच्याबरोबर धावायची सवय असलेला ड्रमर जाहिरात देऊन मिळत नाही. डॉसनला ती होती. २७ मे २०२५ ला बुडापेस्टला पहिला कार्यक्रम झाला आणि गाडी रुळावरून हललीसुद्धा नाही.

म्हणजे बघा, या बँडमध्ये खुर्ची खाली पोरांकडे जात नाही, शेजारी बसलेल्याकडे जाते. पोरांना मिळतो काळ्या कापडापुढचा पट्टा. तिथून पुढे ज्याचं त्याने बघायचं.

अवांतर: १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलात पण होतो. ब्रूस स्वतः वैमानिक, सगळा बँड, माणसं, सामान एकाच ७५७ विमानात भरून निघाले आणि त्या जागतिक दौऱ्याचा नारळ मुंबईत फुटला. तो किस्सा वेगळ्या धाग्यात लिहीन. इथे लिहायला लागलो तर उद्याचा मांडव राहील.

एकपायी ताल

कन्सोलवाले, दंडवत. मी ड्रम शिकवतो, म्हणून निकोंबद्दल थोडी भर घालतो, कारण त्यांचं थांबणं लोक ‘वय झालं’ म्हणून उडवून लावतात.

मेटल म्हटलं की आजचा पोरगा पहिल्यांदा डबल पेडल मागतो. दोन पाय, मशीनगन. निकोंनी जवळजवळ सगळं आयुष्य एका पेडलवर काढलं, तेही अनवाणी. डिसेंबर १९८२ ला बँडमध्ये आले, १९८३ च्या अल्बमच्या पहिल्याच गाण्यात उजव्या पायाने जे करून ठेवलंय ते माझे विद्यार्थी दोन पायांनी वाजवून बघतात आणि तरी धापा टाकतात. मी त्यांना ते गाणं सुरुवातीला कधीच देत नाही, पोरं पळून जातात.

जानेवारी २०२३ ला त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली. ड्रमरची उजवी बाजू म्हणजे राइडचा (मोठ्या झांजेचा) हात आणि किकचा पाय, दोन्ही! आणि मेमध्ये दौरा ठरलेला. सत्तरी ओलांडलेला हा माणूस मेमध्ये स्टेजवर होता आणि नंतर दीड वर्ष वाजवत राहिला. मी त्या काळातली रेकॉर्डिंग्ज बारकाईने बघितली आहेत. काही वेगवान फिल्स (ओळींमधल्या भरावाच्या जागा) ते सोप्या करून वाजवायचे, काही सोडून द्यायचे, पण ठोका ढळू द्यायचे नाहीत. शिकणाऱ्याने हे जरूर बघावं: काय सोडायचं हे ज्याला कळतं त्याचा ताल शाबूत राहतो.

डॉसनला काम सोपं नाही. २०२५ च्या दौऱ्यात फक्त १९८० ते १९९२ या काळातल्या पहिल्या नऊ अल्बमांमधलीच गाणी ठेवली. त्यातले पहिले तीन निकोंच्या आधीच्या ड्रमरचे, क्लाइव्ह बरचे, पुढचे सहा निकोंचे. क्लाइव्ह म्हणजे मोकळा, उसळता हात. निको म्हणजे वळणावळणाचा, गाण्याच्या आत दडून बसणारा. दोघांच्या चपला एका संध्याकाळी घालायच्या आणि आपलीही चाल ठेवायची. डॉसन निकोंची नक्कल करत नाही, थोडं सरळ वाजवतो. काही जुन्या लोकांना ते आवडलेलं नाही. मला आवडलं.

षड्ज_पंचम

रॉकमधलं मला फार कळत नाही, पण कन्सोलवाल्यांचं ‘बापाची चाल उचलली नाही’ हे वाचून एक विचारावंसं वाटलं. आपल्याकडे घराण्यात अगदी उलट असतं. मुलगा आधी वडिलांच्या मागे तानपुरा धरून बसतो, मग हळूहळू स्वरसाथ, वडील मध्येच थांबतात आणि एखादी तान त्याच्याकडे सोपवतात. मैफलीतच तालीम आणि मैफलीतच ओळख. लोकांनाही मुलात वडिलांचा आवाज ऐकायचा असतो. नाही दिसला तर ‘घराणं बुडवलं’ म्हणतात! मग या लोकांमध्ये गायकी पुढे जायची कशी?

कन्सोलवाला

@षड्ज_पंचम, चांगला मुद्दा. मी शास्त्रीयच्या मैफलींनाही साउंड केला आहे, तानपुऱ्याला माइक कुठे लावायचा यावरून बुवांच्या शिव्याही खाल्ल्या आहेत. फरक असा की तिथे मुलगा वडिलांच्या आवाजाच्या आडोशाला बसून मोठा होतो. चुकला तर वडील सावरून घेतात, लोकांना कळतही नाही. इथे जॉर्ज आणि स्टीव्ह एकाच संध्याकाळी एकाच स्टेजवर येतात, पण मध्ये चेंजओव्हर (दोन बँडांमधली सामान बदलायची वेळ) असतो. जॉर्ज वाजवतो तेव्हा सावरायला बाप नाही.

तुम्ही म्हणता तसंही रॉकमध्ये झालंय, नाही असं नाही. डिसेंबर २००७ ला लंडनला लेड झेपेलिन एका रात्रीपुरते परत आले तेव्हा दिवंगत ड्रमर जॉन बोनमच्या जागी त्याचा मुलगा जेसन बसला. व्हॅन हेलन या बँडने तर जुना बासवाला बाजूला करून गिटारवाल्या एडी व्हॅन हेलनच्या मुलाला घेतलं. २००७ च्या दौऱ्यात वोल्फगँग सोळा वर्षांचा होता. केवढ्या शिव्या पडल्या त्या पोराला! वडील गेले २०२०ला. त्यानंतर त्याने स्वतःच्या बँडचा पहिला अल्बम काढला त्यात गाणं, गिटार, बास, ड्रम सगळं एकट्याने वाजवलं, आणि स्वतःच्या कार्यक्रमांत वडिलांची गाणी वाजवायची नाहीत असं ठरवून टाकलं. चिंतूसाहेब, वशिल्याचं ओझं बघायचं असेल तर हे उदाहरण बघा.

मेडनची चाल पुढे जायला मेडनच्या पोरांची गरज कधी पडलीच नाही. आमच्या फेस्टांना मी इतकी वर्षं बघतोय, विरारपासून बदलापूरपर्यंतची पोरं, दोन गिटारी जोडीने एकच सुरावट वेगवेगळ्या पट्टीत वाजवताहेत, ती सवय कुठून आली? त्यांच्या बापांना मेडन माहीतही नसतील.

चिकित्सक चिंतू

फॉल्कनरचा मुद्दा मान्य. तरी माझं म्हणणं कायम: पट्ट्यावर उभं राहायला मिळणं हीच मोठी गोष्ट आहे आणि ती सगळ्यांना मिळत नाही. परिक्रमाला मिळाली कारण कार्यक्रम भारतात होता आणि एक इथला बँड लागणारच होता.

कन्सोलवाला

बरोबर. म्हणूनच मी ‘वशिला नाही’ असं म्हटलेलंच नाही. वर पुन्हा वाचा.

नाशिकची नलू

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं सविस्तर कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री लेकीने आणि मी मिळून रेव्हन एज आणि राइज टू रिमेन दोन्ही ऐकले. तिला रेव्हन एज जास्त आवडला, मला ऑस्टिनचा आवाज. सासूबाईंचं मत दोन्हींबद्दल सारखंच.

एक शेवटचा प्रश्न लेकीच्या वतीने. ‘घोड्याची टाप’ म्हणजे ते टक-टकटक, टक-टकटक असं सतत चालणारं, ते तिला दोन बोटांनी दोन मिनिटांवर टिकत नाही, मनगट भरून येतं. वर्गातला एक मुलगा म्हणाला की ते तीन बोटांनीच वाजवायचं असतं, आणि पिक वापरलं तर आणखी सोपं. सर पंधरा दिवस गावाला गेलेत. काय करावं?

खर्ज

मी बास वाजवतो म्हणून उत्तर देतो, बाकी वाचनमात्र असतो.

स्टीव्ह दोन बोटांनी वाजवतो, पिक नाही. तर्जनी आणि मधलं. तीन बोटांनी वाजवणारे चांगले लोक आहेत, पण दोन बोटांवर बसलं की तीन कधीही शिकता येतं. उलट करताना मी लोकांना रडताना पाहिलंय.

मनगट भरून येतं कारण ती जोरात मारत असणार. सगळेच मारतात, कारण गाणं जोरात ऐकू येतं. स्टीव्हचा तो खणखणीत आवाज निम्मा तारांमुळे आहे. तो सपाट वेटोळ्यांच्या तारा वापरतो, आणि तार फ्रेटवर आपटते तेव्हा तो टणत्कार येतो. ताकदीने नाही. तिला म्हणावं, अँपचा आवाज वाढव आणि बोटं हलकी कर. अंगठा पिकअपवर टेकवायचा, मनगट सरळ, कोपर वर उचलायचा नाही.

मग मेट्रोनोम ८० ला लावायचा. पहिला ‘टक’ लांब, पुढचे दोन त्याच्या निम्मे. बोटांचा क्रम आळीपाळीने, कुठेही मोडायचा नाही. म्हणजे एकदा लांब ठोका तर्जनीवर येईल, पुढच्या वेळी मधल्या बोटावर. इथेच सगळे अडकतात, कारण प्रत्येक टाप तर्जनीनेच सुरू करावीशी वाटते. दोन्ही बोटांचा आवाज सारखा येईपर्यंत वेग वाढवायचा नाही. दुखलं की थांबायचं. भरून येणं चालेल, दुखणं चालणार नाही.

तारा आत्ता बदलू नका, महाग असतात आणि शिकताना फरक पडत नाही. आणि तिला सांगा, हा माणूस शाळकरी वयात वेस्ट हॅमकडे फुटबॉल खेळायला जायचा. त्याच्या बासवरसुद्धा त्या क्लबचं चिन्ह आहे. माझ्या एका विद्यार्थ्याने हे ऐकून आपल्या बासवर मुंबई इंडियन्सचा स्टिकर चिकटवला, तो काढताना पॉलिश निघालं. तर स्टिकर केसवर लावा, बासवर नको.